पेट्रोलचा मॉवर गेला, बॅटरीचा आला: फ्रीमाँटमधल्या वीस महिन्यांचा अनुभव

मार्च २०२४ मध्ये आमचा जुना लॉनमॉवर सुरूच होईना. दोरी ओढून ओढून नवऱ्याचा खांदा भरून आला. कार्ब्युरेटर उघडला तर आत राळेसारखा पिवळट थर. हिवाळाभर टाकीत राहिलेलं इथेनॉलमिश्रित पेट्रोल सुकून बसलं होतं, आणि तेही पहिल्यांदा नाही. दुरुस्तीवाल्याने दीडशे डॉलर सांगितले. त्यापेक्षा नवाच घेऊ म्हणून दुकानात गेलो, तर मॉवरच्या रांगेत पेट्रोलचा एक उरलेला आणि बाकी सगळे बॅटरीचे. पेट्रोलच्या लहान इंजिनांवरचा कॅलिफोर्नियाचा नवा नियम तीनच महिन्यांपूर्वी लागू झाला होता. मला तेव्हा त्याची नीट माहितीही नव्हती.

आम्ही राहतो फ्रीमाँटला. पुढेमागे मिळून अठराशे चौरस फूट हिरवळ आणि पुढच्या अंगणात एक मोठं लिक्विडंबरचं झाड. बागेचं बहुतेक काम मीच करते. त्या दिवशी ५६ व्होल्टचा २१ इंची मॉवर, पानं उडवायचा हातात धरायचा ब्लोअर आणि कडा कापायचा स्ट्रिंग ट्रिमर घेतला. सोबत दोन बॅटऱ्या, एक ७.५ अ‍ॅम्पिअर-अवरची आणि एक ५ ची. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. जे लिहितेय ते कुठल्याही चांगल्या कंपनीच्या हत्यारांना लागू आहे, आणि एक तक्रारही पुढे येणार आहे.

घेण्याआधी मला कोणी सांगायला हवं होतं ते आधी सांगते. खोक्यावरच्या व्होल्टना भुलू नका. ८० व्होल्ट लिहिलेली बॅटरी वापरताना सरासरी ७२ व्होल्टची असते, ५६ वाली साधारण ५० ची, ४० वाली ३६ ची. खोक्यावरचा आकडा पूर्ण चार्ज झाल्याक्षणीचा कमाल आकडा असतो. बघायचं ते वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत साठा किती. हे खरे व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर-अवर. माझ्या ५ च्या बॅटरीत सुमारे २५० वॉट-अवर मावतात आणि ७.५ च्या बॅटरीत ३८०. पुढचं सगळं गणित याच दोन आकड्यांवर चालतं.

मॉवरबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्यात वादच उरलेला नाही. बटण दाबून दांडी ओढली की सुरू. सगळी हिरवळ कापायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि मोठी बॅटरी निम्मी उरते. फेब्रुवारी-मार्चच्या पावसानंतर गवत ओलं आणि उंच असतं, तेव्हा मात्र ती जवळजवळ रिकामी होते, आणि ओलं गवत पिशवीत जायच्या ऐवजी पात्याखाली लगद्यासारखं चिकटून बसतं. एक दिवस थांबून ऊन पडू द्यायचं, एवढाच त्यावर इलाज. ऑइल बदलणं, प्लग पुसणं, पेट्रोलचा कॅन गाडीत ठेवून आणणं, ते सगळं संपलं. पातं मात्र वर्षातून दोनदा धार लावून घ्यावं लागतं. बोथट पात्याने बॅटरी लवकर संपते, हे मी दोन्ही उन्हाळ्यांत पाहिलं. पातं काढताना आणि लावताना आधी बॅटरी बाहेर काढा, विसरू नका.

खरी परीक्षा झाली ब्लोअरची. लिक्विडंबरची पानं नोव्हेंबरात लाल होतात तेव्हा रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात. डिसेंबरात तीच पानं ड्राइव्हवेवर भिजून पापडासारखी चिकटून बसतात, आणि त्यांच्यात त्या झाडाची काटेरी बोंडं. अनवाणी पाय पडला तर कळ मस्तकात जाते. कोरडी पानं ब्लोअरच्या मधल्या वेगावर सुरेख सरकतात, एका बॅटरीत पाऊण तास काम होतं. ओली पानं उचलायला टर्बो, म्हणजे सगळ्यात जोराचा वेग लागतो, आणि टर्बोवर २५० वॉट-अवरची बॅटरी पंधरा मिनिटांत खलास होते. म्हणजे हजार वॉट, इस्त्रीएवढी वीज हातात धरून फिरायचं. पहिल्या हिवाळ्यात मी वैतागले होते. नंतर क्रम लागला: आधी दांताळ्याने ओली पानं सैल करायची, मग मधल्या वेगावर ढकलायची आणि टर्बो फक्त कोपऱ्यांत. आता दोन बॅटऱ्यांत पुढचं-मागचं अंगण होतं आणि एखादा खण चार्ज शिल्लकही राहतो. एकदा चार्ज करायला माझ्या दराने बारा सेंट पडतात, पण नवीन बॅटरी साडेतीनशे डॉलरच्या घरात आहे. खर्च विजेत नाही, बॅटरीत आहे.

आवाजाचं मला मनापासून सांगायचं आहे. बॅटरीचा ब्लोअर शांत असतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, जवळून तो चांगलाच कर्कश असतो आणि मी कानावर मफ लावते. पण त्याची शीळ बारीक आहे, दोन घरं पलीकडे ती विरून जाते. पेट्रोलच्या ब्लोअरची घरघर खालच्या पट्टीतली असते, ती भिंतीतून, बंद खिडकीतून आत येते. गेल्या वर्षी सासूबाई सहा महिने इथे होत्या, मायग्रेनचा जुना त्रास. मी खिडकीखाली ब्लोअर चालवत होते आणि त्या आत झोपल्या होत्या. उठल्यावर म्हणाल्या, "अगं, अंगण झाडलंस कधी?"

आता तक्रारी. ऑगस्टच्या उन्हात काम करून बॅटरी लगेच चार्जरवर लावली की लाल दिवा लागतो आणि चार्जिंग होत नाही. बॅटरी तापलेली असते, म्हणून चार्जर ती घेत नाही. सावलीत अर्धा तास ठेवायची, मगच लावायची. दुसरं, पहिला महिनाभर न वापरलेली बॅटरी काढली तर चार्ज एक तृतीयांशावर. खराब निघाली असं वाटून मी दुकानात घेऊन गेले. तिथे कळलं की न वापरता राहिली तर ती स्वतःहून चार्ज उतरवते, कारण पूर्ण भरून ठेवलेली लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. काम असेल त्याच्या आदल्या रात्री चार्ज करायची सवय लावून घेतली. तिसरी तक्रार मोठी. चौदाव्या महिन्यात ५ ची बॅटरी मेली. वॉरंटी होती, पण पावती, नोंदणी, फोटो, पुन्हा पावती असं करत बदली बॅटरी यायला सहा आठवडे गेले. पावतीचा फोटो घेतल्या दिवशीच काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात पुसट होतात. मेलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कचऱ्याच्या ट्रकमध्ये दबून पेट घेते. मोठ्या हार्डवेअरच्या दुकानांत त्यासाठी वेगळी पेटी असते.

कायद्याविषयी आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतकं उलटसुलट फिरतं की थोडं नीट लिहिते. एबी १३४६ हा कायदा मार्क बर्मन आणि लोरेना गोन्झालेझ या आमदारांनी मांडला, ऑक्टोबर २०२१ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही केली आणि त्याच डिसेंबरात कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने नियम केले. २५ हॉर्सपॉवरपर्यंतची लहान इंजिनं २०२४ च्या मॉडेलपासून शून्य उत्सर्जनाची हवीत, असा नियम. तो नव्याने बनणाऱ्या यंत्रांना आहे. घरातला जुना पेट्रोलचा मॉवर वापरणं राज्याने बेकायदा केलेलं नाही, दुकानात पडून असलेला आधीचा माल विकायलाही बंदी नव्हती. जनरेटरना २०२८ पर्यंत मुदत आहे, कारण वणव्याच्या भीतीने इथे वीज बंद करतात तेव्हा लोकांना त्यांचाच आधार असतो. ४५ सीसी आणि त्यावरच्या चेनसॉ राज्याच्या अखत्यारीतच येत नाहीत.

वापरावरची बंदी असते ती शहरांची, आणि ती जुनी आहे. कार्मेलने १९७५ सालीच लीफ ब्लोअर बंद केले. पालो अल्टोने २००५ पासून निवासी भागात पेट्रोलचे ब्लोअर बंद केले. वॉशिंग्टन डीसीत जानेवारी २०२२ पासून ते चालत नाहीत. उलट टेक्सासने २०२३ मध्ये कायदा करून शहरांचा असा बंदीचा अधिकारच काढून घेतला. माझी बहीण डॅलसला असते, तिथे शहराची बंदीची तयारी चालली होती, ती तशीच राहिली.

एवढ्याशा यंत्रावर एवढा कायदा कशाला, असं मलाही वाटायचं. मग ब्लोअरमधलं टू-स्ट्रोक इंजिन कसं चालतं ते समजून घेतलं. त्यात नवं पेट्रोल आत येणं आणि धूर बाहेर जाणं एकाच वेळी घडतं, त्यामुळे चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं, शिवाय मिसळलेलं ऑइल. बोर्डाच्या हिशेबाने असा ब्लोअर एक तास चालवला तर धुरकं बनवणारं प्रदूषण टोयोटा कॅमरी ११०० मैल चालवल्याइतकं होतं, लॉस एंजेलिसहून डेन्व्हरपर्यंत. हा हिशेब धुरक्याचा आहे, कार्बन डायऑक्साइडचा नाही, त्यात गल्लत करू नये. २०२० मध्ये या लहान इंजिनांचं धुरकं बनवणारं प्रदूषण राज्यातल्या सगळ्या प्रवासी मोटारींपेक्षा जास्त होतं, हे कायद्यातच नोंदलेलं आहे.

पण हे सगळं मी लिहायला बसले ते आमच्या गार्डनरमुळे. महिन्यातून एकदा तो झाडांची छाटणी आणि हेजसाठी येतो, मेक्सिकोतल्या मिचोआकानचा, वीस-बावीस वर्षं हेच काम. माझं स्पॅनिश मोडकं, त्याचं इंग्लिश मोडकं, पण निभतं. त्याच्या ट्रकमध्ये पाठीवर घ्यायचा पेट्रोलचा ब्लोअर आहे आणि बॅटरीचाही आहे. डंबार्टन पूल ओलांडून पालो अल्टोच्या बाजूला गेला की बॅटरीचा काढतो, इकडे परत आला की पेट्रोलचा. मी विचारलं, बॅटरीचा चांगला नाही का? म्हणाला, चांगला आहे, संध्याकाळी डोकं दुखत नाही, पण दिवसाला बारा घरं करतो, बॅटऱ्या कुठून आणू?

घरात येऊन मी हिशेब मांडला. एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटच्या, म्हणजे नऊ हजार वॉट-अवरच्या आसपास ऊर्जा असते. लहान इंजिन त्यातली पंधरा टक्केच कामाला लावतं असं धरलं तरी सव्वा ते दीड युनिट मिळतं. म्हणजे माझ्या ५ अ‍ॅम्पिअर-अवरच्या पाच-सहा बॅटऱ्या. त्याच्या कॅनमधल्या एका लिटरच्या जागी दोन हजार डॉलरच्या बॅटऱ्या! बारा घरांना एक लिटर पुरतही नाही. राज्याने लहान व्यावसायिकांसाठी ३ कोटी डॉलर ठेवले, दुकानातून परस्पर सूट मिळावी अशी योजना केली. पण फॉर्म ऑनलाइन, लायसन्सचे कागद, आणि हा माणूस रोज सकाळी सहाला बाहेर पडणारा. शिवाय ट्रकमधून हत्यारं चोरीला जातात, पेट्रोलचा कॅन कोणी चोरत नाही, बॅटऱ्या नेतात. १९९८ साली लॉस एंजेलिसने घरांजवळ पेट्रोलच्या ब्लोअरना बंदी केली तेव्हा गार्डनर लोक सिटी हॉलसमोर उपोषणाला बसले होते. ते का बसले असतील ते मला हा हिशेब मांडल्यावर कळलं.

तरीही मी कायद्याच्याच बाजूची आहे. त्या इंजिनाच्या सगळ्यात जवळ नाक आणि कान असतात ते याच माणसाचे, दिवसाचे सात-आठ तास. बेन्झीन त्याच्या श्वासात जातं, माझ्या नाही. फक्त त्याचा खर्च त्याने एकट्याने उचलावा हे मला पटत नाही. स्वच्छ हवा आणि शांत दुपार मिळते आपल्याला. म्हणून आम्ही त्याचे दर महिन्याला पंचवीस डॉलर वाढवले, आणि शेजारच्या तीन घरांशीही बोलले. दोन घरं तयार झाली, एक नाही झालं. गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीवर एक प्लग आहे, तो त्याला वापरायला दिला. आमच्या गल्लीत काम असेल त्या दिवशी तो आल्या आल्या दोन बॅटऱ्या तिथे लावतो.

दिवाळीत बाबांचा फोन होता, राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून. आंबा-काजूची बेणणी, म्हणजे झाडांखालचं गवत-रान कापणं चालू होतं. मागे ग्रासकटरची घरघर इतकी की त्यांना घरामागे जाऊन बोलावं लागलं. म्हणाले, "तुझ्याकडे ते बॅटरीवालं आहे म्हणतेस, इथं चालेल का गो?" मी खरं ते सांगितलं. बाबा, अंगणाला आणि परसाला चालेल, चार एकर डोंगरउताराला नाही चालणार. कातळावर दोरी तुटते म्हणून पातं लावावं लागतं, वाढलेलं रान, चार्ज करायला घरापर्यंत चढून यायचं, आणि पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते. तिथे सध्या पेट्रोल आणि त्यात मिसळायच्या टू-टी ऑइललाच पर्याय दिसत नाही. पण जे दोघं मशिन पाठीवर घेऊन येतात त्यांच्या कानात काय असतं, असं विचारलं. बाबा थोडं थांबून म्हणाले, "एकजण कापूस घालतो."

जानेवारीत मी जाणार आहे. बॅगेत मफचे दोन जोड ठेवलेत, आणि डोळ्यांसाठी दोन चश्मे.