पावती हातात, पण ‘वाहन’वर कर शून्य

दिल्लीची पेट्रोल गाडी स्वस्तात मिळते, तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखलाही येतो आणि मग आरटीओच्या फाटकाबाहेरचा ‘अधिकृत एजंट’ सांगतो, “टॅक्स, फी, माझं कमिशन, सगळं मिळून एवढे द्या, एमएच नंबर घेऊन जा.” फसवणूक या ‘सगळं मिळून’मध्येच सुरू होते. त्यातला कर किती आणि कमिशन किती, हे कागदावर कधीच येत नाही.

‘अधिकृत’ची पाटी कुणीही रंगवून घेतो. जानेवारी २०१५ मध्ये तर परिवहन आयुक्तांनी एजंटांना आरटीओच्या आवाराबाहेर काढण्याचा आदेश दिला होता. एजंटाकडे अधिकार असतो तो तुम्ही सही करून दिलेल्या पत्रापुरताच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. एनओसीचा फॉर्म २८, नव्या नंबरच्या अर्जाचा २७. कर ठरतो मूळ इन्व्हॉइसची किंमत आणि गाडीचं वय यांवरून. नव्या गाडीचे दर पाहिले की खेळ कुठे चालतो ते कळतं: १० लाखांपर्यंत पेट्रोलला ११ टक्के, डिझेलला १३, कंपनीच्या नावावर असेल तर थेट २०. म्हणून कुणी इन्व्हॉइसची किंमत खाली आणतो, कुणी कंपनीची गाडी व्यक्तीच्या नावाने दाखवतो. फरक एजंटाच्या खिशात. पुढे तपासणीत निघाला, की व्याजासकट वसुली आरसीवर ज्याचं नाव त्याच्याकडून.

सगळ्यात सर्रास प्रकार मात्र पावतीचाच. एजंट फीचे काहीशे रुपये खरोखर भरतो आणि त्याच पीडीएफमध्ये आकडा बदलून करपावती म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवतो. आकड्यात ६२,००० आणि खाली अक्षरी रक्कम वेगळीच, अशा पावत्या घाईत केलेल्या असतात. चॅसिस नंबरचे शेवटचे पाच अंक आरसीशी जुळवा. बऱ्याचदा ते दुसऱ्याच गाडीचे निघतात. पावतीवर ‘एमएच’ने सुरू होणारा जीआरएन (सरकारी भरण्याचा क्रमांक) असेल, तर तो राज्याच्या कोषागार विभागाच्या, म्हणजे महाकोषच्या ‘ग्रास’ साइटवर चलन शोधून पाहा. तिथे रक्कम दिसली नाही, तर ती सरकारकडे गेलेली नाही.

एसएमएस का येत नाही? अर्जात एजंटाने स्वतःचा मोबाइल नंबर टाकलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे, मालक अंधारात. पोर्टलवर आपलाच नंबर आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावं. परिवहन पोर्टलवर (‘वाहन’ या सरकारी वाहन-नोंदणी प्रणालीत) किंवा एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा तपशील उघडला की कर कुठपर्यंत भरलाय ते दिसतं. कमिशनची बाकी त्यानंतरच द्यायची. कर शक्यतो आपल्याच खात्यातून ऑनलाइन भरा, एजंटाच्या यूपीआयवर नको. कोऱ्या फॉर्म २९, ३० वर सह्या तर मुळीच नकोत. ते मालकी हस्तांतराचे कागद आहेत.

आणखी एक गोम. इथे कर भरून नवी आरसी मिळाली की मूळ राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. “रिफंड मी काढतो, तेवढे कमी द्या” म्हणणाऱ्याने कॅन्सल चेक कुणाच्या खात्याचा लावलाय ते बघाच.

पैसे गेलेच, तर ऑनलाइन व्यवहारासाठी लगेच १९३० वर फोन करा आणि बनावट पावतीची प्रिंट, चॅट आणि बँक स्टेटमेंट घेऊन पोलिसांकडे जा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, बनावट दस्तऐवजाला ३३६. कर पुन्हा भरावाच लागतो. तो तक्रारीच्या निकालासाठी थांबवू नका, व्याज वाढत राहतं.