अमेरिकेचा जोडीदार-व्हिसा: रांगा तीन, दाखवलेला आकडा एका रांगेचा

माझे लग्न डिसेंबर २०२१ मध्ये सांगलीला झाले आणि माझे पती न्यू जर्सीतल्या आमच्या घरी राहायला आले ते मार्च २०२४ मध्ये. मी अमेरिकेची नागरिक असल्यामुळे त्यांच्यासाठी अर्ज मीच केला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो दाखल केल्यापासून ते विमानतळाच्या दारातून बाहेर येईपर्यंत २५ महिने गेले, आणि त्या २५ महिन्यांत आम्ही दोघे एका छताखाली राहिलो ते माझ्या दोन रजांचे मिळून जेमतेम सहा आठवडे. पैसे मोजून घेतलेल्या कोणत्याही सेवेचे जसे परीक्षण करावे, तसेच या सेवेचे करावे असे मला वाटते, कारण आपल्याकडच्या अनेक घरांमध्ये लग्नाची बोलणी सुरू असतानाच ‘व्हिसाला किती दिवस लागतील’ हा प्रश्न निघतो आणि त्याला मिळणारे उत्तर बहुतेक वेळा अपुरे असते.

अपुरे कसे, ते आधी सांगते. यूएससीआयएस या अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर जोडीदारासाठी भरायच्या आय-१३० या अर्जासाठी महिन्यांचा एक आकडा दिलेला असतो आणि लोक त्यालाच व्हिसाचा कालावधी समजतात. वास्तविक तो फक्त पहिल्या टप्प्याचा कालावधी असतो. त्या टप्प्यात हे लग्न खरे आणि कायदेशीर आहे आणि अर्जदार खरोखरच नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, एवढेच ठरते. अर्ज मंजूर झाला म्हणजे व्हिसा मिळाला असे होत नाही. त्यानंतर फाइल अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथली छाननी संपली की मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतील मुलाखतीची रांग लागते, आणि या दोन रांगांचा एकही दिवस त्या पहिल्या आकड्यात धरलेला नसतो. शिवाय तो आकडा ८० टक्के अर्ज जितक्या काळात निकाली निघतात तो काळ दाखवतो, म्हणजे पाचांतील एका कुटुंबाला त्याहून जास्त थांबावे लागते, हे आकड्याखालच्या बारीक मजकुरापर्यंत जाणाऱ्यालाच कळते. माझ्या सासरच्यांनी त्या आकड्यावर भरवसा ठेवून पतींना नोकरीचा राजीनामा कधी द्यायचा याचा महिनासुद्धा ठरवून टाकला होता. तो वेळीच बदलला, ही देवाची कृपा.

पहिल्या रांगेबद्दल माझी तक्रार नाही. ऑनलाइन अर्ज केल्यावर पावती लगेच मिळाली, आयओई या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळाला आणि १३ महिन्यांनी मंजुरीचे पत्र आले. या काळात फाइल बहुतांश वेळ नुसती क्रमाची वाट पाहत असते आणि आपण काहीही केले तरी तो क्रम पुढे सरकत नाही. खात्याने दिलेली ठरावीक तारीख उलटल्याशिवाय साधी चौकशीही नोंदवता येत नाही. पती-पत्नी लांब राहतात, एवढ्या कारणावरून अर्ज तातडीने घेतला जात नाही. त्यासाठी गंभीर आजारपण किंवा मोठे आर्थिक नुकसान यांसारखे कारण कागदोपत्री दाखवावे लागते. म्हणून ‘आमची आत ओळख आहे, लवकर करून देतो’ असे सांगणाऱ्यांना कोणीही एक रुपयाही देऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

या टप्प्यात आपल्या हातात असते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे पुराव्यांची जुळवाजुळव. लग्न खरे आहे हे दाखवण्यासाठी एकत्र बँक खाते, एकत्र घरभाडे, एकत्र विमा असे पुरावे सुचवलेले असतात, पण ठरवून केलेल्या लग्नात, जिथे लग्नानंतर तीन आठवड्यांत एकजण परत अमेरिकेला गेलेला असतो, तिथे हे कुठून आणायचे? आम्ही लग्नपत्रिका जोडली, साखरपुड्यापासूनची दोन्ही घरच्या माणसांसह काढलेली छायाचित्रे तारीखवार लावली, माझी प्रवासाची तिकिटे जोडली, माझ्या विम्यावर आणि निवृत्तीच्या खात्यावर वारस म्हणून पतींचे नाव लावल्याचे कागद जोडले आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याची स्वच्छ प्रत दिली. त्या पुराव्यांवर एकही शंका निघाली नाही. छायाचित्रे शेकड्याने देण्यापेक्षा वीस-पंचवीसच द्यावीत आणि प्रत्येकाखाली कोण कोण आहे हे लिहावे, असा माझा अनुभव आहे. तपासणाऱ्या माणसाला आपली मावशी आणि आत्या ओळखता येत नाहीत.

दुसऱ्या रांगेची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण इथे गेलेला वेळ बऱ्याच अंशी आपल्याच कागदांमुळे जातो. नॅशनल व्हिसा सेंटर न्यू हॅम्पशायर राज्यात पोर्ट्समथ येथे आहे. तिथून आलेल्या पहिल्या ई-मेलमध्ये आमच्या प्रकरणाला दिलेला क्रमांक बीएमबी या अक्षरांनी सुरू होत होता. शहराचे नाव बदलून १९९५ पासून इतकी वर्षे लोटली तरी व्हिसाच्या क्रमांकात बॉम्बे अजून तसेच आहे. त्या तीन अक्षरांवरून आपली फाइल मुंबईच्या वाटेला लागली हे कळले आणि त्या दिवशी मला फार बरे वाटले. इथे व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राच्या छाननीचे १२० डॉलर भरायचे, पतींनी डीएस-२६० हा अर्ज भरायचा आणि मी आय-८६४ हे हमीपत्र द्यायचे. हमी देणाऱ्याचे उत्पन्न अमेरिकेच्या अधिकृत दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. दोन माणसांच्या कुटुंबासाठी २०२३ मध्ये ती रक्कम वर्षाला २४,६५० डॉलर होती. उत्पन्न कमी पडत असेल तर दुसऱ्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला सहहमीदार म्हणून घेता येते, मात्र तो नात्यातला असला तरी त्याला ही जबाबदारी नीट समजावून सांगावी, कारण ती लग्न मोडले तरी संपत नाही.

आमचे अडले ते जन्मदाखल्यावर. इकडे माझ्या कामाचा व्याप होता आणि तिकडे पतींना अशा अर्जांची सवय नव्हती, म्हणून परदेशी व्हिसाची कागदपत्रे तयार करून देणाऱ्या एका कार्यालयाकडे आम्ही हे काम सोपवले. त्यांची फी भरपूर होती आणि बोलणे अत्यंत गोड होते. पतींचा जन्म त्यांच्या आजोळी झालेला, त्यामुळे दाखला तिथल्या ग्रामपंचायतीचा आणि संपूर्ण मराठीत. इंग्रजी नसलेल्या कागदाच्या भाषांतरासोबत भाषांतरकाराने दोन्ही भाषा आपल्याला येतात आणि भाषांतर अचूक आहे असे लिहून सही करावी लागते, हा साधा नियम त्या कार्यालयाने पाळला नाही आणि कागद परत आला. नवे भाषांतर करायचे म्हणून पतींनी मूळ दाखला आणि जुने भाषांतर शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा त्याहून गंभीर गोष्ट समोर आली. दाखल्यावर आईच्या रकान्यात सासूबाईंचे माहेरचे नाव होते, कारण नोंद करायला त्यांचे वडील गेले होते. लग्नात त्यांचे पहिले नावही बदलले होते, म्हणजे पतींच्या पासपोर्टवरचे आईचे नाव आणि जन्मदाखल्यावरचे नाव यांत एकही शब्द सारखा नव्हता. त्या कार्यालयाने कोणालाही न विचारता भाषांतरात पासपोर्टवरचे नाव घालून टाकले होते. मूळ कागदात एक नाव आणि भाषांतरात दुसरे, असा कागद मुलाखतीत मराठी जाणणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती पडला असता तर फसवणुकीची शंका माझ्या पतींवर आली असती, कार्यालयावर नव्हे. हे आठवले की मला आजही राग येतो.

आम्ही भाषांतर मूळ दाखल्याबरहुकूम करून घेतले आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे सासूबाईंचे स्वतःचे आणि त्यांच्या थोरल्या भावाचे, अशी दोन प्रतिज्ञापत्रे जोडली. सासूबाईंनी सही करताना आधी माहेरचे नाव लिहिले, मग सासरचे, आणि कित्येक वर्षांनी आपण हे नाव लिहिले असे त्या म्हणाल्या. दुरुस्त केलेला कागद पुन्हा छाननीच्या रांगेत मागून लागतो, म्हणून एका चुकीची किंमत काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत जाते. आमची फाइल पूर्ण ठरली ऑगस्ट २०२३ मध्ये. महाराष्ट्रातल्या ज्या घरांत लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची पद्धत होती, त्या घरांनी हा एक कागद अर्ज करण्याच्या आधीच तपासून ठेवावा. पहिल्या रांगेच्या वर्षभरात ते निवांतपणे होऊ शकते. पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस पडताळणी दाखला मात्र इतक्या लवकर काढू नये, कारण तो दोन वर्षांहून जुना झाला तर नवा मागतात.

तिसरी रांग वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीची. फाइल पूर्ण ठरल्याच्या क्रमाने मुलाखतीच्या तारखा दिल्या जातात, आणि दर महिन्याला किती तारखा निघणार हे वकिलातीच्या मनुष्यबळावर अवलंबून असते. मार्च २०२० मध्ये जगभरच्या वकिलातींनी नेहमीचे व्हिसाकाम थांबवल्यानंतर जो साठा तुंबला, त्याचा परिणाम पुढे बराच काळ जाणवत राहिला. आमची तारीख फेब्रुवारी २०२४ ची आली. या रांगेत पुढे किती लोक आहेत हे आम्हाला कुठेही दिसत नव्हते आणि संपूर्ण सेवेतील सर्वांत मोठी उणीव मी हीच मानते. वाट पाहणे माणसाला जमते, पण आपण दहाव्या पायरीवर आहोत की शंभराव्या, हे न कळता वाट पाहणे फार जड जाते. घर भाड्याने घ्यायचे की नाही, आई-वडिलांची शस्त्रक्रिया आधी उरकायची की नंतर, मूल कधी होऊ द्यायचे, हे सगळे त्या एका न दिसणाऱ्या आकड्याला बांधलेले असते.

मुलाखतीआधीची वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. लसींच्या नोंदी सोबत असतील तर काम सोपे होते. छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयाची जरा जरी शंका आली तर थुंकीचे नमुने घेऊन कल्चर करतात, म्हणजे त्यात क्षयाचे जंतू वाढतात का ते पाहतात, आणि त्याचा निकाल यायला सुमारे आठ आठवडे लागतात. ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला आहे त्यांनी उपचारांचे जुने कागद जपून न्यावेत. मुलाखत स्वतः अगदी थोडक्यात आटोपली. लग्न कुठे झाले, कोण कोण आले होते, पत्नी काय काम करते, ती शेवटची भारतात कधी आली होती, एवढेच विचारले, आणि विचारणारी अधिकारी अतिशय सौजन्याने वागली, असे पतींनी आवर्जून सांगितले.

मी नागरिक होते म्हणून माझ्या पतींना वर्षाला किती व्हिसा द्यायचे या संख्येची मर्यादा लागू नव्हती. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र ती लागते. त्यांचा वर्ग एफ-२-ए, आणि त्यांच्या तारखा परराष्ट्र खात्याच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिन या पत्रकात येतात. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत हा वर्ग ‘करंट’ होता, म्हणजे वेगळे थांबावे लागत नव्हते. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये एकदम ८ सप्टेंबर २०२० ही तारीख लागली आणि त्यानंतर अर्ज केलेली सगळी कुटुंबे एका दिवसात रांगेत उभी राहिली. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे लग्न त्याच सुमारास झाले होते आणि ‘रांग नाही’ या शब्दावर तिच्या घरच्यांनी सगळे ठरवले होते. तिने पुढे नागरिकत्व घेतले आणि तोच अर्ज वरच्या वर्गात गेला. नागरिकत्वाला पात्र होण्यास वर्ष-दीड वर्षच उरले असेल, तर आय-१३० लगेच दाखल करून ठेवावा आणि नागरिकत्व मिळताच प्रमाणपत्राची प्रत, फाइल तेव्हा जिथे असेल त्या यूएससीआयएसला किंवा नॅशनल व्हिसा सेंटरला पाठवावी, असे मी सुचवेन.

सरकारी शुल्काचा आमचा हिशोब १,२०० डॉलर झाला: अर्जाचे ५३५, मग ३२५ आणि १२०, आणि शेवटी ग्रीन कार्डाचे २२०. १ एप्रिल २०२४ पासून आय-१३० ऑनलाइन ६२५ आणि कागदी ६७५ डॉलर झाला आहे आणि शेवटचे शुल्क २३५. वैद्यकीय तपासणी, भाषांतर आणि प्रवास वेगळे. सरळ प्रकरणाला वकील लागत नाही असे माझे मत आहे. वाचलेल्या पैशांतून चांगला भाषांतरकार गाठावा.

लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी जो जोडीदार अमेरिकेत उतरतो, त्याला सीआर-१ वर्गाखाली दोनच वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते आणि त्याची मुदत संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा आणखी एक अर्ज भरून पुन्हा थांबावे लागते. माझे पती उतरले तेव्हा लग्नाला सव्वादोन वर्षे झाली होती, त्यामुळे त्यांच्या व्हिसावर आयआर-१, म्हणजे बिनशर्त ग्रीन कार्डाचा वर्ग, होता. कार्ड पाच आठवड्यांनी टपालाने आले. त्यांनी पाकीट स्वयंपाकघराच्या ओट्यावरच उघडले, मी आधी नाव तपासले, मग जन्मतारीख, आणि मग मुदत: २०३४.