जुनी येझदी परत घेतली: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला मी १९८७ सालची येझदी रोडकिंग मोटारसायकल घेतली. नऊ महिने झाले, ३,४०० किलोमीटर झाले. अंगणात झाकून ठेवायला घेतलेली नाही. सकाळी जुळे सोलापूरहून अशोक चौकात, तिथं सुताच्या दुकानात माझी नोकरी, संध्याकाळी परत. रविवार मोकळा असला तर तुळजापूर, एकदा अक्कलकोट, एकदा पंढरपूर. जुनी गाडी घ्यावी का, असं विचारणारे रोज दोघं तरी भेटतात. त्यांना उभ्याउभ्या सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी पहिली मोटारसायकल हीच. हीच म्हणजे अशीच, लाल टाकीची. १९८९ साली अक्कलकोटच्या मामांकडून ती तिसऱ्या हातानं घरात आली. कागद थोरल्या भावाच्या, अण्णाच्या नावावर. तो गिरणीत फिटर होता, मी कॉलेजात. १९९७ला ताईच्या लग्नात विकली. तेव्हापासून जिथं विषय निघेल तिथं मी तीन गोष्टी सांगत आलोय: आमची येझदी अर्ध्या किकेत लागायची, लिटरला चाळीस द्यायची, आणि तिनं रस्त्यात कधी दगा दिला नाही. हे तिन्ही दावे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

गाडी घेतली ती जुन्या गाड्या 'नव्या' करून विकणाऱ्या एकाकडून. पंच्याऐंशी हजार मोजले. टाकी आरशासारखी चमकत होती. महिन्याभरात पेट्रोलच्या कॉकमध्ये, म्हणजे टाकीखालच्या तोटीत, लाल भुकटी यायला लागली. टाकी उघडून आत टॉर्च मारला तर आत गंजाचं शेत, आणि बाहेर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून वर रंग चोपडलेला. पुढचे बत्तीस हजार गॅरेजात गेले: टाकी, दोन्ही चाकांचे ड्रम, वायरिंग, क्लच प्लेटा आणि इकडचंतिकडचं. तेव्हा पहिला सल्ला: रंग बघून जुनी गाडी घेऊ नका. टाकीचं झाकण काढून आत बघा, आणि मालक म्हणाला 'आत्ताच चालवून आणली' तर इंजिनाला हात लावून बघा. गरम इंजिन कोणाच्याही हातानं चालू होतं. थंड असताना किक मारायला मागा.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन. म्हैसूरला आयडियल जावा या कंपनीत बनायची, तो कारखाना १९९६ला बंद झाला. २०२२ पासून येझदी नावाच्या ज्या गाड्या मिळतात त्या वेगळ्या, फोर-स्ट्रोक, सेल्फ स्टार्टच्या. कॉलेजची पोरं माझी गाडी बघून 'अंकल, नवीन एडिशन का?' विचारतात. हो म्हणतो. कुठं वाद घालत बसायचं.

हिची खासियत म्हणजे किक आणि गिअर यांना एकच दांडी, तीही डाव्या अंगाला. दांडी आत दाबायची, उचलून मागं न्यायची, की ती किक होते. गाडी लागली की परत खाली आणायची, की ती गिअर होते. गिअर टाकताना क्लच नाही दाबला तरी चालतं, दांडीनंच क्लच सुटतो. पहिल्यांदा बसणारा माणूस किक कुठाय म्हणून उजवीकडं शोधत राहतो. आमच्या दुकानातल्या हमालानं तर 'मालक, किक चोरीला गेली का?' असं खरंच विचारलं होतं.

आता दावा पहिला, अर्ध्या किकेचा. पहिल्या आठवड्यात मी सकाळी नऊ-नऊ, दहा-दहा किका मारत होतो. बनियन भिजायचा, वरच्या मजल्यावरचे खिडकीतून बघायचे, आणि बायको 'पहिल्यासारखी नाही का हो लागत?' एवढंच विचारून आत जायची. गॅरेजवाल्यानं पॉइंट घासले, प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केला. थोडा फरक पडला. मग वैतागून कुमठा नाक्याला अण्णाकडं गेलो. म्हटलं, आपली कशी लागायची रे? ह्यांनी काहीतरी बिघडवून ठेवलंय.

अण्णा पासष्टचा आहे, गुडघे गेलेत. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "तू कधी किक मारलीस बे?"

मी आठवायला लागलो. खरंच आठवेना. मला आठवते ती दारात डुगडुगत उभी असलेली गाडी. अण्णा पहिल्या पाळीहून आला की हात धुवायचा, गाडी काढायचा, चालू करून माझ्याकडं द्यायचा, आणि मी पार्क चौकात मित्रांपुढं मिरवायला निघायचो. परत निघताना ती गरमच असायची, मग अर्धी किक पुरायची. आठ वर्षं मी थंड गाडीला पाय लावला नसेन. आमच्या बोळात ती नेहमी वरच्या टोकाला, उताराकडं तोंड करून उभी असायची. मला वाटायचं सावलीसाठी. ती ढकलून चालू करायला सोपी जावी म्हणून होती.

दावा दुसरा, चाळीसचा ॲव्हरेज. मी टाकी फुल करून, वहीत लिहून, सहा वेळा मोजलं. गावात सव्वीस-सत्तावीस, तुळजापूर रोडला एकतीस. यापुढं गेली नाही. अण्णाला सांगितलं तर म्हणाला, "चाळीस? तू पेट्रोल कधी टाकलंस?" तेही खरं. वर ऑइलचा खर्च वेगळा. हिला ऑइलचा पंप नाही, टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. मी लिटरला तीस मिली टाकतो, खोकल्याच्या औषधाच्या मापानं. पूर्वी पंपावर ऑइलचं वेगळं हातपंपी यंत्र असायचं, पेट्रोलच्या आधी पोरगा दांडा फिरवून ऑइल सोडायचा. आता पंपावर मीच खिशातून माप काढतो तेव्हा मागच्या रांगेतले हॉर्न मारतात.

पेट्रोलचं आणखी एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची काय कमी, म्हणजे आपलाच ऊस आपल्या टाकीत. त्या काळच्या रबराला मात्र तो सोसत नाही. कॉकचं वॉशर आणि पेट्रोलची नळी चार महिन्यांत मऊ पडली, बदलून घेतली. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवून जाऊ नका. आमच्या टाकीतल्या गंजाचं मूळ मला तरी तेच वाटतं.

घाटाचं सांगायलाच पाहिजे. तुळजापूरहून परतताना घाट उतरतो तेव्हा आपण सवयीनं ॲक्सिलरेटर सोडून देतो. हिच्यात पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, कारण दोन्ही एकाच वाटेनं येतात. इंजिन फिरत राहतं आणि पिस्टन कोरडा पडतो. जास्त वेळ तसं केलं तर धरतो, म्हणजे सिलिंडरात अडकून बसतो. म्हणून उतारावर मधेमधे थोडी रेस द्यायची. गॅरेजवाल्यानं हे समजावलं आणि मला एकदम १९९२-९३ची कोजागिरी आठवली. आई चालत तुळजापूरला गेली होती, तिला आणायला आम्ही दोघं गेलो. येताना आई मधे, मी मागं, अण्णा घाटात सारखा रेस द्यायचा, भर्र, भर्र. आई ओरडायची, मस्ती कमी कर म्हणून. मलाही वाटायचं, गिरणीतल्या पोरांसारखा भाव खातोय. तो पिस्टन वाचवत होता. इतकी वर्षं त्याच्या नावावर ती मस्ती आम्ही जमा करून ठेवली होती.

(ट्रिपल सीट होतो, हो. हेल्मेटही नव्हतं. आता करू नका.)

उन्हाळ्याबद्दल सोलापूरकरांना काय सांगायचं. पारा त्रेचाळीसवर गेला की दुपारी बारा ते चार मी गाडी काढत नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की पोटऱ्या भाजतात, आणि गरम झाल्यावर बंद पडली तर पंधरा मिनिटं हलत नाही. मे महिन्यात मी सरळ बायकोची स्कूटर नेली. ब्रेक दोन्हीकडं ड्रमचे, त्या काळी सगळ्यांचेच तसे. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा म्हणजे झालं. रात्रीचा दिवा समईएवढा. हायवेला अंधारात नेऊ नका, विषय संपला.

कागदपत्रं: पंधरा वर्षांपुढच्या गाडीला तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि आता नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही. हे आधीच्या मालकाकडून करून घ्या, मगच पैसे द्या. सुटे भाग कुरिअरनं मिळतात. गास्केट, केबल, क्लच प्लेट यांची अडचण नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. ही गाडी घेतली की तुम्हाला वेळेवर कुठं पोचता येत नाही. गाडी बंद पडते म्हणून नव्हे, लोक थांबवतात म्हणून. आसरा चौकातल्या पंपावर एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी माझी दहा मिनिटं घेतली. त्यांची पहिली गाडी राजदूत, त्यावर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून मोहोळकडून येणारा भाऊ. नवी पेठेत एका शिंप्यानं कात्री हातात घेऊनच बाहेर येऊन टाकीवर हात फिरवला, त्याची सीडी हंड्रेड होती आणि तिचा नंबर त्यानं धडाधड म्हणून दाखवला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाहेर एक शिक्षिका बाई थांबल्या. वडिलांनी त्यांना याच मैदानावर येझदी शिकवली होती, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. लग्नानंतर परत कधी चालवली नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, बसा की, एक चक्कर मारा. त्यांनी गर्दीकडं बघितलं, हसल्या, आणि फक्त क्लच दाबून बघितला. "इतका जड होता?" म्हणाल्या.

नऊ महिन्यांत अशा चाळीस-पन्नास गाड्यांच्या गोष्टी ऐकल्या असतील. राजदूत, आरएक्स हंड्रेड, बुलेट, सुझुकी, एक तर लूना. कोणी वेगाचं सांगत नाही, मागं कोण बसलं होतं ते सांगतात. आणि एक मात्र नक्की: सगळ्यांच्या अर्ध्या किकेत लागायच्या, सगळ्यांच्या चाळीस द्यायच्या. त्या दहा-पंधरा वर्षांत सोलापुरात एकही गाडी बंद पडली नव्हती, असं मला आता कळलंय. पूर्वी मी मान डोलवायचो. आता विचारतो, घरात गॅरेजचं काम कोण बघायचं? बरेच जण जरा थांबतात. मग वडील, काका, मोठा भाऊ, एकाचा मेव्हणा.

तिसरा दावा राहिला, रस्त्यात दगा न देण्याचा. तो अण्णानं एका वाक्यात निकालात काढला. "हिप्परग्यापासून रात्री ढकलत आणली होती, मॅग्नेटची वायर तुटलेली. तू एसटीत बसून पुढं गेलास, सकाळी पेपर होता म्हणून." मला पेपर आठवतो. भूगोलाचा होता. गाडीचं काही आठवत नाही.

तर घ्यावी का? रोजच्या कामाला एकुलती एक गाडी म्हणून नको. घरात दुसरं वाहन असेल, रविवारी हात काळे करायची तयारी असेल आणि जवळ जुना मिस्त्री असेल तर घ्या. सध्या सकाळी मला तीन ते पाच किका लागतात. कॉक चालू, कार्ब्युरेटरवरचं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबायचं, चोक, चावी न लावता दोन किका, मग चावी लावून खरी. हे सगळं अण्णानं शिकवलं, खुर्चीत बसून.

परवा त्याला दवाखान्यात दाखवून घरी सोडायला स्कूटर घेऊन गेलो, तर म्हणाला, ती आण. परत जाऊन येझदी आणली. मागं बसताना त्याला पाय टाकता येईना, ओट्याच्या कडेला गाडी लावून बसवलं. परत निघेपर्यंत गाडी थंड झाली होती. दवाखान्याच्या दारात पाच किका मारल्या, पाचवीला लागली. वळून बघितलं.

"तिसरीलाच लागली असती," तो म्हणाला. "चोक लवकर सोडलास."