पक्की कामवाटणी की लवचिक भूमिका?

पक्क्या कामवाटणीत कुणी काय करायचं हे नेमणुकीच्या वेळीच कागदावर येतं. नवा माणूस गोंधळत नाही आणि चूक झाली की कुणाला विचारायचं ते ठरलेलं असतं. पगार, हिशेब, सुरक्षा यांसाठी मी हीच पद्धत निवडेन. घोडं अडतं ते कुणी रजेवर गेलं की. बिल तयार असतं, पण पाठवणारी बाई सोमवारी येणार. तोवर 'ते माझ्याकडे नाही' एवढंच ऐकायचं.

लवचिक भूमिकेत कामांची यादी नसते, निकाल सोपवलेला असतो. 'ग्राहकाला आज उत्तर गेलंच पाहिजे' ही जबाबदारी एकाची. मसुदा ज्याचे हात मोकळे त्याने लिहावा. स्क्रम ही छोट्या टीमने काम करण्याची एक पद्धत, मुख्यतः सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाणारी. तिच्या मार्गदर्शिकेने २०२० मध्ये 'रोल'ऐवजी 'अकाउंटेबिलिटी' (उत्तरदायित्व) हा शब्द घेतला, तो मला म्हणूनच पटतो.

धोका मात्र मोठा आहे: जो नाही म्हणत नाही, त्याच्याच गळ्यात सगळं पडतं. (मीटिंगची टिपणं मी दोन वर्षं लिहिली, कुणी सांगितलं नव्हतं!) छोट्या टीमला मी तरीही लवचिक पद्धतच सुचवेन. फक्त प्रत्येक कामापुढे जबाबदार नाव एकच हवं, शेजारी एक बदली नाव, आणि ही यादी दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर उघडायची.