आयपीएलचा लिलाव: थैली सारखी, पण पाणी कुठे मुरतं?

सगळ्या संघांना सारखेच पैसे द्यायचे आणि तेवढ्यातच संघ बांधायला लावायचं, हे आयपीएल लिलावाचं मूळ आश्वासन. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला झालेल्या मोठ्या लिलावात प्रत्येकाची थैली, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा, १२० कोटींची होती. संघात किमान १८, जास्तीत जास्त २५ खेळाडू आणि त्यात फार तर ८ परदेशी. कागदावर यापेक्षा न्याय्य काय असणार? तरीही २०२५ पर्यंतच्या १८ हंगामांत चेन्नई आणि मुंबईची प्रत्येकी ५, कोलकात्याची ३ विजेतेपदं. उरलेली ५ बाकीच्या सगळ्यांत मिळून.

संघमालकाच्या श्रीमंतीवर याचं खापर फोडता येत नाही. २००८ मध्ये राजस्थानचा संघ सर्वांत स्वस्तात, ६.७ कोटी डॉलरला विकला गेला आणि पहिलं विजेतेपद त्यानेच नेलं. उत्तर नियमांच्या बारीक अक्षरांत आहे.

सुरुवात रिटेन्शनपासून, म्हणजे लिलावाआधी आपले खेळाडू राखून ठेवण्यापासून. जास्तीत जास्त ६ खेळाडू राखता येत होते आणि कॅप्ड, म्हणजे देशाकडून खेळलेल्या, खेळाडूंसाठी थैलीतून क्रमाने १८, १४, ११, १८ आणि १४ कोटी कापले जाणार होते. अनकॅप्ड, म्हणजे देशाकडून न खेळलेल्या, खेळाडूचे ४ कोटी. प्रत्यक्ष करार यापेक्षा कमी रकमेचा झाला तरी कपात या ठरलेल्या रकमांप्रमाणेच, म्हणजे स्लॅबप्रमाणेच. कोलकाता नेमकं इथे अडकलं. रिंकू, वरुण, नारायण, रसेल, हर्षित आणि रमणदीप यांचे करार मिळून ५७ कोटींचे, पण थैलीतून गेले ६९ कोटी. म्हणजे १२ कोटी ना खेळाडूंच्या खिशात, ना बोलीसाठी हातात. उरलेल्या ५१ कोटींतले २३.७५ कोटी एकट्या वेंकटेश अय्यरवर गेले. सहाही जागा रिटेन्शनमध्येच संपल्यामुळे त्याच्यासाठी आरटीएम (राइट टू मॅच) कार्डही, म्हणजे दुसऱ्याच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्कही, शिल्लक नव्हतं. पुढच्या हंगामात गतविजेता संघ आठवा आला. उलट पंजाबने शशांक सिंग आणि प्रभसिमरन एवढेच राखले, ११०.५ कोटी घेऊन टेबलावर बसले, २६.७५ कोटींना श्रेयस अय्यर घेतला आणि २०२५ च्या अंतिम फेरीत पोचले. पाटी कोरी ठेवण्याचा मार्ग सगळ्यांना मोकळा असतो; धीर फार थोड्यांना होतो.

पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू अनकॅप्ड धरायचा, हा जुना नियम याच वेळी पुन्हा आणला गेला. चेन्नईला त्यामुळे धोनी ४ कोटींत मिळाला. राजस्थाननेही संदीप शर्माला याच वाटेने ठेवलं, त्यामुळे नियम एकाच संघासाठी केला असं म्हणता येणार नाही. पण त्याचा सगळ्यात घसघशीत फायदा कुणाला होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

या लिलावातली सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणजे आरटीएमची नवी पद्धत. पूर्वी बाकीच्यांनी बोली चढवत न्यायची आणि जुन्या संघाने शेवटच्या आकड्यावर कार्ड दाखवून खेळाडू उचलायचा. किंमत ठरवण्याची मेहनत एकाची, माल दुसऱ्याचा. आता जुन्या संघाने कार्ड दाखवलं की सर्वोच्च बोली लावणाऱ्याला आणखी एकदा, हवी तेवढी रक्कम वाढवता येते. ती जुन्या संघाने मान्य करायची, नाहीतर खेळाडू सोडायचा. अर्शदीप सिंगवर हैदराबादची बोली १५.७५ कोटींवर थांबली होती. पंजाबने कार्ड दाखवल्यावर हैदराबादने १८ कोटी सांगितले आणि पंजाबला तेवढे मोजावे लागले. ऋषभ पंतच्या वेळी लखनऊ २०.७५ कोटींवरून थेट २७ कोटींवर गेलं आणि दिल्लीने हात टेकले. घरच्या संघाला मिळणारी फुकटची सवलत या एका पायरीने बरीचशी संपली. बोली लावणाऱ्यांना मात्र एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी लागते: समोरच्याकडे किती कार्डं उरली आहेत. कार्ड संपलं असेल तर शेवटच्या उडीसाठी पैसे राखण्यात अर्थ नाही.

खरं खिंडार ट्रेडमध्ये, म्हणजे लिलावाबाहेर संघांनी आपसात केलेल्या खेळाडूंच्या देवघेवीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला. त्याचा १५ कोटींचा पगार मुंबईच्या थैलीतून गेला आणि ती जागा करायला १७.५ कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूला द्यावा लागला. इथवर हिशेब चोख. पण एका संघाने दुसऱ्याला द्यायची ट्रान्सफर फी थैलीत मोजलीच जात नाही आणि ती जाहीरही होत नाही. २०१० च्या लिलावातही असंच घडलं होतं. पोलार्डवर साडेसात लाख डॉलरची कमाल बोली एकाहून अधिक संघांनी लावली, मग बंद लिफाफ्यात वेगळी रक्कम मागवली गेली. ती थैलीबाहेर, थेट क्रिकेट मंडळाकडे. पोलार्ड मुंबईला मिळाला. लिफाफा गेला, फी राहिली. ती थैलीत मोजायला सुरुवात करणं हा एका ओळीचा बदल आहे आणि तो होईपर्यंत 'समान थैली' हे शब्द जपून वापरलेले बरे.

दोन मोठ्या लिलावांच्या मधल्या वर्षांत होणाऱ्या छोट्या लिलावात परदेशी खेळाडूंच्या पगारावर जी मर्यादा आहे, तिचं कारण समजतं. मोठा लिलाव टाळायचा आणि माल कमी, गिऱ्हाईक जास्त असताना छोट्या लिलावात उतरायचं, ही युक्ती फार किफायतशीर होती. डिसेंबर २०२३ मध्ये स्टार्कला २४.७५ कोटी मिळाले. आता अशा खेळाडूच्या हाती जास्तीत जास्त १८ कोटी पडतात. डिसेंबर २०२५ मध्ये अबू धाबीला कोलकात्याने ग्रीनसाठी २५.२० कोटी मोजले, वरचे ७.२० कोटी मंडळाच्या खेळाडू कल्याण निधीसाठी. खेळाडूची हाव आवरली हे खरं. पण कोलकात्याच्या थैलीतून पूर्ण २५.२० कोटीच गेले, त्यामुळे संघासंघांतल्या समतोलात या नियमाने तसूभरही फरक पडत नाही.

गुण द्यायचेच तर आरटीएमला पाचपैकी साडेचार, रिटेन्शन स्लॅबला तीन, ट्रेडला एक. तो एकही पगार तरी थैलीत धरला जातो म्हणून.