वाकड्या भिंतींच्या खोलीत लॅमिनेट की एसपीसी, बीडिंग की कापणी?

जुन्या इमारतींतल्या खोल्या सहसा गुण्यात (काटकोनात) नसतात. लॅमिनेट (दाबलेल्या लाकडी तंतूंची फरशी) आणि एसपीसी (दगडी भुकटी आणि प्लास्टिकची फरशी) यांच्या पट्ट्या मात्र एकदम सरळ असतात. त्या जमिनीला न चिकटवता एकमेकींत अडकवून नुसत्या अंथरायच्या, त्यामुळे भिंतीलगतची फट कुठे १० मिमी, तर कुठे २५ मिमी येते. ती बीडिंगखाली (कडेने लावायच्या बारीक पट्टीखाली) झाकायची की पहिली रांग भिंतीच्या आकारात कापायची, हे आधी मोजून ठरवा. भिंतीच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे धरून दोरी ताणा आणि दर फुटावर दोरी ते भिंत अंतर लिहून घ्या. सर्वांत मोठ्या अंतरातून सर्वांत लहान वजा केलं की भिंतीचा वाकडेपणा मिळतो.

लॅमिनेटला भिंतीपासून साधारण १० मिमी जागा मोकळी ठेवावीच लागते, कारण त्याचा एचडीएफचा (दाबलेल्या लाकडी तंतूंचा) गाभा पावसाळी हवेतली ओल शोषून फुगतो. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) १५ मिमी जाड असेल आणि ती पट्टीवर किमान ३ मिमी यायला हवी असेल, तर वाकडेपणासाठी उरतात फक्त २ मिमी. पुढे १२ मिमीचा क्वार्टर राउंड (पाव गोल बीडिंग) लावला की १४ मिमीपर्यंत झाकलं जातं. एसपीसीला ६ मिमी जागा पुरत असेल (खोक्यावरची सूचना वाचा), तर तेवढ्याच सामानात १८ मिमी झाकले जातात. म्हणून मध्यम वाकड्या भिंतीला आमची पसंती एसपीसी आणि बीडिंगला.

बीडिंग भिंतीला किंवा जुन्या टाइल स्कर्टिंगला चिकटवा, पट्टीला कधीच नाही. आणि काहीही झालं तरी फट व्हाइट सिमेंटने भरू देऊ नका. फुगणाऱ्या लॅमिनेटला सरकायला जागा उरत नाही, मग भर पावसाळ्यात खोलीच्या मध्यावर फुगवटा येतो आणि जोड सुटतात.

वाकडेपणा बीडिंगखाली झाकला जाईल त्याहून जास्त असेल किंवा जाड बीडिंग डोळ्यांना खटकत असेल, तर कापणी. पहिली रांग दोरीला समांतर, भिंतीला एका ठिकाणी टेकेल अशी ठेवा. सर्वांत मोठी फट समजा १८ मिमी आहे. कंपास १८ मिमीवर धरून भिंतीच्या कडेने चालवा, पट्टीवर भिंतीची रेघ उमटते. जिगसॉने (वळणदार कापणाऱ्या विजेच्या करवतीने) कापा आणि १० मिमीचे ठोकळे घालून रांग बसवा. इथे लॅमिनेट सोपं पडतं. एसपीसी सुरीने चर पाडून सरळ मोडतं, पण वळणदार रेघेला त्यालाही जिगसॉच लागतो आणि त्यातल्या दगडी भुकटीने पातं लवकर बोथट होतं. कड स्कर्टिंगखाली जाणार असेल, तर थोड्या कपच्या उडाल्या तरी चालतं.

भिंत सरळ पण तिरपी असेल, तर हा प्रश्नच वेगळा. दारातून समोर दिसणाऱ्या भिंतीला रांगा समांतर ठेवा, तिरकेपणा कपाटाच्या किंवा पलंगाच्या बाजूला ढकला. खोलीची रुंदी एका टोकाला ३१६० आणि दुसऱ्याला ३१३५ मिमी धरा. दोन्हीकडचे १०-१० मिमी सोडून उरतात ३१४० आणि ३११५. पट्टी १९५ मिमीची असेल, तर १६ पूर्ण रांगांना ३१२० लागतात: एका टोकाला २० मिमीची चिंधोटी, दुसऱ्याला जागाच अपुरी. त्याऐवजी पहिली रांग १०० मिमीची कापून सुरुवात केली, तर शेवटची ११५ वरून ९० वर येते. शेवटची रांग ५० मिमीच्या खाली गेली की जोड नीट बसत नाही.

वाकडेपणा २५ मिमीच्या पुढे असेल आणि रंगकाम व्हायचंच असेल, तर प्लास्टर करून भिंतच सरळ करून घ्या. ते पूर्ण वाळल्याशिवाय लॅमिनेटचं खोकंही खोलीत आणू नका.

माल मोजताना अशा खोलीत १० ऐवजी १५ टक्के जास्त धरा. लॅमिनेटखाली २ मिमी फोम लागतो. एसपीसीला मागे फोम चिकटवलेलाच असेल, तर दुसरा टाकू नका. मऊपणा वाढला की चालताना जोड तुटतात. खालची जमीनही तपासा: २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त खळगा असेल, तर आधी तो भरून घ्या.