आखूड लॅक्रॉस स्टिक: लालबागच्या पावसात तीन महिने वापरून

२६ मे २०२५ ला मुंबईत मान्सून सोळा दिवस आधीच थडकला. त्याच रात्री साडेदहाला मी अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज लॅक्रॉसची (टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) फायनल बघायला बसले, कारण भाचा तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकतो. कॉर्नेलनं मेरिलँडला १३-१० असं हरवलं. १९७७ नंतरचं त्यांचं हे पहिलंच विजेतेपद. १९७१ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हाही फायनलला हेच दोन संघ होते आणि जिंकलं कॉर्नेलच. कॉर्नेलच्या सीजे कर्स्टनं एकट्यानं सहा गोल मारले. मी कॉलेजात हॉकी खेळलेय, त्यामुळे माझी नजर त्याच्या मनगटांवरच खिळली. चेंडू जाळीत राहावा म्हणून पळताना काठी सतत झुलवत ठेवायची, वर अंगावर येणाऱ्यालाही चुकवायचं! भाच्याला म्हटलं, येताना एक घेऊन ये.

"आत्या, लांब की आखूड?" त्यानं विचारलं. आखूडच घ्या. बचावातले खेळाडू सहा फुटांपर्यंतची काठी वापरतात, पण शिकायला चाळीस इंची बरी. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सहा-सहा जणांचा जो प्रकार आहे, त्यात गोलकीपर सोडला तर सगळ्यांकडे आखूडच असते.

माझी दांडी अ‍ॅल्युमिनियमची, डोकं म्हणजे जाळी बांधायची चौकट प्लॅस्टिकची, जाळी साधी मऊ. वजनाला इतकी हलकी की माझ्या शाळेतल्या सहावीच्या मुली अर्धा तास सहज खेळतात. चाळीच्या टाकीच्या भिंतीवर रोज शंभर वेळा चेंडू मारायचा, उजव्या हातानं पन्नास, डाव्या हातानं पन्नास. हॉकीत डावी बाजू अशी कधी घोटली जात नाही. पंधरा दिवसांत मुलींचा डावा हात सुटला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तक्रार आहे ती जाळीबद्दल. पावसात भिजली की ती सैल पडते, चेंडू बसतो तो जाळीचा खिसा खोल होतो, चेंडू उशिरा सुटतो आणि थेट जमिनीत जातो. सामन्यात तर असा खिसा चालतच नाही. काठी आडवी धरली की चेंडूचा वरचा भाग कडेच्या खाली जाता कामा नये. आता खेळ संपला की मी जाळी पुसते, पंख्याखाली वाळवते, वरच्या दोऱ्या पुन्हा आवळते. घ्यायचीच असेल तर मेण लावलेली जाळी मागा, ती पाणी कमी धरते. ओल्या हातात दांडीही निसटते. तिच्यावर क्रिकेट बॅटची जुनी ग्रिप चढवली, तेव्हापासून तो त्रास नाही.

चेंडू भरीव रबराचा, सीझन बॉलपेक्षा थोडाच हलका. हेल्मेटशिवाय मुलांना समोरासमोर उभं करू नका. टेनिस बॉलनं भागवायचं म्हणाल, तर तो जाळीत बसल्याचं हाताला कळतच नाही.

दिवाळीत भाचा येतोय. त्याला आणखी चार आखूड काठ्या आणायला सांगितल्यात, मेणाच्या जाळीच्या.